पाच दिवस ऑफिस सक्तीचं झालं: आयटीतल्या लोकांचे वारंवार येणारे प्रश्न

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, पवई इथल्या खासगी कंपन्यांत काम करणाऱ्यांकडून गेली काही वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी मेलवर, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. ते इथे एका जागी आणले आहेत. कायद्याची माहिती महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीपुरती आहे. तुमच्यावर नोटीस निघाली असेल किंवा चौकशी सुरू असेल, तर हे वाचून थांबू नका, कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.

१. कंपनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायची सक्ती करू शकते का?

हो, करू शकते. घरून काम करण्याचा सरसकट हक्क भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. कामाची जागा नेमणूकपत्रावरून ठरते आणि बहुतेक नेमणूकपत्रांत 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी' असं वाक्य असतंच. केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा (म्हणजे सेवाशर्तींच्या नमुना नियमांचा) मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आला. पण तिथेही तो नेमणुकीच्या अटी किंवा दोन्ही बाजूंच्या करारावर सोडलेला होता.

परदेशातही चित्र फार वेगळं नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्याच दिवशी लवचिक कामाची मागणी करता येते. मात्र तो मागण्याचा हक्क आहे. व्यवसायाची कारणं देऊन मालक नकार देऊ शकतो.

म्हणून 'हे बेकायदा आहे' असा पवित्रा घेऊन एचआरकडे जाऊ नका, तिथे पहिल्याच मिनिटाला हार होते. आधार कुठे मिळू शकतो ते प्रश्न ६, ७ आणि ८ मध्ये आहे.

२. मग २०२० पासून इतकी वर्षं घरून काम चाललं ते कशाच्या जोरावर?

सवलतींच्या जोरावर, आणि त्या सवलती कंपन्यांना दिलेल्या होत्या. मार्च २०२० च्या लॉकडाउननंतर दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये कॉल सेंटर आणि बीपीओंचे नियम सैल केले. सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा नियम ४३-ए आला. सुरुवातीला निम्म्या कर्मचाऱ्यांना परवानगी होती, डिसेंबर २०२२ मध्ये ती सगळ्यांपर्यंत वाढवली आणि पुढे २०२४ अखेरपर्यंत मुदत दिली.

'सेझची परवानगी संपली, आमचा नाइलाज आहे' असं उत्तर अनेकांना मिळतं. अशा वेळी एवढंच विचारा की आपली इमारत सेझमध्ये आहे का. एकाच आयटी पार्कात काही इमारती सेझमध्ये असतात आणि शेजारच्या नसतात. कारण खरं असेल तर कंपनीला ते लेखी सांगायला काहीच अडचण नसावी.

३. मोठ्या कंपन्यांनी नेमकं काय केलं? सगळीकडे पाच दिवस झाले का?

नाही. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना पाचही दिवस बोलावलं. विप्रोने १५ नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याचे तीन दिवस सक्तीचे केले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठरावीक श्रेणीपर्यंतच्या लोकांसाठी महिन्याचे दहा दिवस हजेरीच्या यंत्रणेतच बसवले. ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पत्र काढून २ जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांची घोषणा केली.

यातलं टीसीएसचं उदाहरण लोकांच्या मनाला जास्त लागलं, आणि का ते समजून घ्यायला हवं. याच कंपनीने २०२० मध्ये '२५ बाय २५' असं धोरण मांडलं होतं: २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसांना ऑफिसात बसायची गरज उरणार नाही. अशा घोषणा फक्त गुंतवणूकदार वाचत नाहीत, नोकरदारही वाचतो. त्यावर विसंबून कुणी पुण्यातलं भाड्याचं घर सोडून सांगलीला आई-वडिलांकडे गेलं, कुणी मुलांना तालुक्याच्या शाळेत घातलं, कुणी गावच्या घरावर कर्ज काढून वरचा मजला बांधला. तीन वर्षांनी एका मेलमध्ये तो शब्द फिरला. माझ्याकडे येणाऱ्या मेलमध्ये आळशीपणाचा सूर जवळजवळ कुठेच नसतो. शब्दावर विसंबून आयुष्य मांडलेल्या माणसाची नाराजी असते.

४. ऑफिसला जायला काय होतं? २०२० च्या आधी जातच होतो ना?

हा प्रश्न घरच्यांकडून येतो, आणि बऱ्याचदा मॅनेजरकडूनही. याचं उत्तर वेळेच्या हिशेबात आहे.

टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथं होतं: १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. घर ऑफिसपासून १५ किलोमीटरवर असेल तर एका बाजूला पन्नास मिनिटं, दिवसाला शंभर, पाच दिवसांत पाचशे. म्हणजे आठवड्याला आठ तास वीस मिनिटं. एक अख्खा कामाचा दिवस दर आठवड्याला रस्त्यावर जातो, त्याचा पगार नाही आणि विश्रांती म्हणूनही तो मोजता येत नाही. शिवाय ही शहराची सरासरी आहे. संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या फेज ३ मधून निघून लक्ष्मी चौक, भूमकर चौक आणि वाकडचा पूल पार करणाऱ्यांचं गणित याहून वाईट असतं. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीतल्या रस्त्यांच्या नद्या झाल्या, तेव्हा लोकांनी मोहीम काढली आणि राज्य सरकारला तिथे येऊन पाहणी करावी लागली. हिंजवडीजवळच्या माणपासून शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं. तारखा पुढे सरकत राहिल्या आणि त्या काळात टॉवर मात्र उभे राहत गेले.

आणि एवढं करून पोहोचल्यावर काय? टीममधले दोघं चेन्नईला, एक नोएडाला, क्लायंट डॅलसला. मग हेडफोन लावून दिवसभर टीम्सवर कॉल. हे घरून होत होतं. समोरासमोर बसायला सहकारी असते तर प्रवासाचा त्रास निदान पटला तरी असता.

'आधी जातच होतो' हे खरं आहे. पण तेव्हा दुसरा मार्ग आहे हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आता पाहिलंय, आणि त्या काळात कामं वेळेवर पोहोचली होती हे त्याच कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत छापलेलं आहे.

५. ऑफिसात बसल्याने काम चांगलं होतं याला काही पुरावा आहे का?

पाचही दिवसांच्या बाजूने भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग जून २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम त्यात होते. आठवड्याचे दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामाच्या दर्जात किंवा बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं.

हा प्रयोग मिश्र पद्धतीचा आहे, पूर्णवेळ घरून कामाचा नाही, हे लक्षात ठेवा. नव्याने लागलेल्या पोरांना शेजारच्या खुर्चीवरच्या सिनियरकडून जे शिकायला मिळतं ते कॉलवर मिळत नाही, असं माझंही मत आहे. कॉलेजातून थेट घरच्या खोलीत नोकरीला लागलेल्या मुलांचं नुकसान झालं. पण त्यासाठी दोन-तीन ठरावीक दिवस पुरतात, आणि त्या दिवशी सिनियरनेही यायला हवं.

सप्टेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पाहणीत ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपलं काम नीट होत असल्याचं सांगितलं. टीमबद्दल तसा पूर्ण विश्वास असलेले वरिष्ठ होते १२ टक्के. खरा पेच या दोन आकड्यांमध्ये आहे.

६. माझ्या ऑफर लेटरमध्येच 'रिमोट' लिहिलंय. तरी बोलावू शकतात?

इथे तुमची बाजू बरीच वजनदार आहे. कामाचं ठिकाण म्हणून घराचा पत्ता किंवा 'रिमोट' असेल, तर तो कराराचा भाग आहे. मात्र पूर्ण पत्र वाचा. पहिल्या पानावर 'रिमोट' आणि सातव्या पानावर 'कंपनी ठिकाण बदलू शकते' अशी पत्रं मी भरपूर पाहिली आहेत. 'सध्या', 'पुढील सूचना मिळेपर्यंत' हे शब्दही शोधा.

मॅनेजरने चॅटवर 'तू कोल्हापूरहूनच कर, काही प्रॉब्लेम नाही' असं म्हटलं असेल, तर त्याने कायमचा हक्क मिळत नाही. पण अचानक गैरहजेरीचा ठपका आला तर तुम्ही परवानगीने काम करत होता हे दाखवायला ते कामी येतं. कंपनीच्या गोपनीयतेच्या नियमात बसेल अशा रीतीने त्याची नोंद ठेवा. मेलने 'आपल्या बोलण्याप्रमाणे…' असं लिहून दुजोरा घेणं सगळ्यात बरं.

आणखी एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ठरावीक सेवाशर्ती बदलण्याआधी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे होतं. त्या यादीत 'घरून काम' असा शब्द नाही, पण रूढ झालेली सवलत काढून घेणं आहे. त्यावर वाद घालता येतो. जिंकालच असं मी म्हणत नाही. 'मी इंजिनियर, मी कामगार कसा?' असं विचाराल, तर ज्याच्या हाताखाली माणसं नाहीत आणि जो तांत्रिक काम करतो, तो पगार कितीही असला तरी कामगार ठरू शकतो. पगाराची १८,००० रुपयांची मर्यादा देखरेखीच्या पदांसाठी आहे.

७. बाळंतपणाची रजा संपतेय. घरून काम मागता येईल का?

मागता येईल, आणि इथे कायद्याचं नाव घेऊन मागा. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली (दोन मुलं आधीच असतील तर १२). त्याच दुरुस्तीत रजेनंतर कामाचं स्वरूप घरून करण्यासारखं असेल तर परस्पर संमतीने ते देता येईल अशी तरतूद आली. ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. 'परस्पर संमती' म्हणजे कंपनीवर बंधन नाही. पण तुमचंच काम काल-परवापर्यंत घरून चालत होतं, त्यामुळे 'स्वरूप तसं नाही' म्हणणं कंपनीला जड जातं.

पाळणाघर मात्र बंधनकारक आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ती सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. अर्जात दोन्ही गोष्टी एकत्र लिहा: घरून काम द्या, नाहीतर पाळणाघर कुठे आहे ते कळवा. या एका वाक्याने अडलेली परवानगी सुटल्याची उदाहरणं आहेत.

८. मी दिव्यांग आहे. रोजचा प्रवास झेपत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते धोरण एचआरकडून मागून घ्या. त्यातल्या सोयीसुविधांच्या आधारे अर्ज करा, सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. पत्रात आजाराच्या नावासोबत प्रवासाने नेमका काय त्रास होतो हे लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे.

केमो, डायलिसिस, पाठीचं ऑपरेशन अशा कारणांसाठी प्रमाणपत्र नसलं तरी ठरावीक मुदतीची सवलत मागा. मुदत लिहिलेला अर्ज लवकर मंजूर होतो.

९. आईला स्मृतिभ्रंश आहे, घरात दुसरं कुणी नाही. यासाठी काही कायदा?

दुर्दैवाने नाही, आणि ही पोकळी मला फार खुपते. वृद्धांची देखभाल करा असं कायदा मुलांना बजावतो, पण त्यासाठी लागणारा वेळ मालकाने द्यावा असं कुठेच म्हणत नाही.

उरतो अर्जच, म्हणून तो नेमका हवा. कोणते दोन किंवा तीन दिवस येऊ शकता, कोणत्या वेळेत हमखास उपलब्ध असाल, गेल्या सहा महिन्यांत काय काय पूर्ण केलं, आणि तीन महिन्यांनी फेरविचार व्हावा, एवढं एका पानात लिहा. नकार आला तर तो लेखी मागा. नकार लिहायची वेळ आली की माणसं थोडी नरमतात.

१०. हजेरी कमी म्हणून व्हेरिएबल पे कापला. आणि घरून काम केलेले दिवस बिनपगारी धरले. चालतं का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा बदलता भाग, धोरणावर चालतो. टीसीएसने २०२४ मध्ये तो हजेरीशी जोडल्याच्या बातम्या आल्या: ६० टक्क्यांखाली काहीच नाही, ८५ टक्क्यांवर पूर्ण, मधे टप्पे. धोरण आधी जाहीर केलं असेल तर याला आव्हान देणं कठीण आहे. मागच्या तारखेपासून लावलं असेल तर जरूर भांडा.

बिनपगारीचं वेगळं. वेतन संहितेनुसार नेमून दिलेल्या जागी नसल्याबद्दल कपात करता येते, म्हणजे 'मी घरी बसून काम केलं' एवढं पुरेसं नाही. पण त्याच दिवशी मॅनेजरने काम दिलं, तुम्ही ते केलं आणि कंपनीने ते क्लायंटला बिलही केलं असेल, तर ते सगळं मांडून लेखी हरकत घ्या. काम वापरायचं आणि दिवस नाकारायचा, हे कुठल्याही न्यायाने बरोबर नाही.

११. स्वाइप करून, कॉफी पिऊन दोन तासांत निघालं तर?

बरेच जण करतात. नियमात फक्त 'हजेरी' असेल तर तो नियमभंग नाही, पण किमान तास ठरवलेले असतील तर आहे. आत-बाहेरच्या वेळा आणि लॅपटॉप कोणत्या नेटवर्कला जोडला आहे हे दोन्ही नोंदलं जातं, तेव्हा कळत नाही असं समजू नका.

मित्राचं कार्ड स्वाइप करणं किंवा फोनचं लोकेशन खोटं दाखवणं मात्र कधीही करू नका. त्याला गैरवर्तन म्हणतात, दोघांची नोकरी जाते आणि पुढच्या कंपनीच्या पडताळणीत ते निघतं. पुण्याचा पत्ता देऊन गुपचूप गावाहून काम करणाऱ्यांनाही हेच सांगेन. तुमची बाजू कितीही खरी असली तरी एका खोट्या नोंदीने ती संपते.

१२. वेळेवर पोहोचलो तर बसायला सीटच नाही. तो दिवस माझा की कंपनीचा?

कंपनीचा. तुम्ही हजर होता. अर्ध्या तासात मॅनेजर आणि ॲडमिनला मेल करा: अमुक मजला, अमुक वेळ, जागा उपलब्ध नाही, कॅन्टीनमधून काम करत आहे. वीस जणांनी महिनाभर असे मेल केले की धोरण बदलायला तेवढा पुरावा पुरतो. माझ्या पाहण्यात तक्रारींपेक्षा हे मेलच जास्त उपयोगी पडले आहेत.

१३. प्रवासाचा वेळ कामाच्या तासांत धरतात का? रात्री घरी आल्यावर पुन्हा कॉल असतो.

प्रवास धरत नाहीत. कॉल धरायलाच हवा. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायदा आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो आणि मर्यादेवरच्या कामाला दुप्पट दर सांगतो. दिवसाची मर्यादा मुळात ९ तासांची होती, ती १० तासांवर न्यायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय पदांना हे लागू होत नाही.

घरून काम होतं तेव्हा रात्रीचा कॉल लोक खळखळ न करता घ्यायचे, कारण दुपारी मुलाला शाळेतून आणता यायचं. आता दुपार गेली आणि रात्रीचा कॉल मात्र राहिला. पाच दिवस ऑफिस हवं असेल तर ऑफिस सुटल्यावर सुटू द्या, ही मागणी एचआरसमोर ठामपणे मांडण्यासारखी आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण तो अजून कायदा झालेला नाही.

१४. मी महिला आहे, शिफ्ट रात्री दहाला सुटते. कॅब बंद केली आहे.

रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षेची व वाहतुकीची सोय कंपनीची जबाबदारी आहे. संमती लेखी घेतली होती का ते तपासा. कंपनीने दिलेल्या वाहनातला छळही २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली 'कामाच्या ठिकाणी' घडलेला धरला जातो, त्याची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते.

१५. लोक आपणहून जावेत म्हणूनच हे चाललंय का?

काही ठिकाणी तसं दिसतं. कपात जाहीर केली की बातमी होते, राजीनाम्यांची होत नाही. हेतू सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून स्वतःचं रक्षण करा. फोनवर किंवा एचआरच्या खोलीत बसवून राजीनामा मागितला तर तिथल्या तिथे देऊ नका. 'विचार करून मेलने कळवतो' एवढंच म्हणा. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला किती दिवस उरलेत ते मोजा. राजीनामा दिलाच तर कारणात 'वैयक्तिक' न लिहिता खरं कारण लिहा. शेवटचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं असं वेतन संहिता सांगते, पंचेचाळीस दिवस थांबा म्हटलं तर हे दाखवा.

१६. एकट्याने बोललं की टार्गेट होतो. एकत्र येऊन काही करता येतं?

येतं. आयटीत संघटना चालत नाही हा केवळ समज आहे. सात जण मिळून कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकतात, मात्र नोंदणीला ठरावीक किमान सदस्यसंख्या लागते. पुण्यातून काम करणाऱ्या 'नाइट्स'सारख्या संघटना आयटी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेतात.

एवढं मोठं पाऊल नको असेल तर टीमने मिळून एकच मागणी मांडा. 'ऑफिस नको' ही मागणी मान्य होत नाही. 'मंगळवार-बुधवार सगळे येऊ, बाकी दिवस घरून, तीन महिने करून बघू' ही झालेली मी पाहिली आहे. ऑफिसेस उघडल्यामुळे ज्यांची चूल पुन्हा पेटली, ते टपरीवाले, मेसवाल्या मावशी, कॅबचालक, हाउसकीपिंगवाले, यांनाही अशा तडजोडीत जागा उरते.

१७. मी मॅनेजर आहे. टीमवर सक्ती करायची इच्छा नाही, पण वरून आकडे मागतात. काय करू?

तुमच्या हातात वाटतं त्याहून जास्त आहे. धोरणात मॅनेजरला किती अपवाद मंजूर करता येतात ते वाचा आणि ते सगळे वापरा. प्रत्येक अपवाद लेखी द्या, म्हणजे तुम्ही टीम बदललीत तरी तो माणूस उघडा पडणार नाही. टीमचे ऑफिसचे दिवस एकच ठेवा. पहिला कॉल साडेदहाच्या आधी लावू नका, म्हणजे लोक गर्दी टाळून निघू शकतील. अप्रेझलच्या वेळी हजेरीचा आकडा पुढे आला, तर शेजारी पूर्ण केलेल्या कामाची यादी ठेवा. आणि वरच्यांना दर तिमाहीला कळवा की या सक्तीमुळे कोण सोडून गेलं आणि त्या जागी माणूस मिळायला किती दिवस लागले.